किटली कुणी उचलायची?

आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला आम्ही बंदराकाठच्या त्या बड्या कँटोनीज हॉटेलात जेवायला गेलो. आईनं हट्टानं माझ्या दोन्ही भावांना शेजारीशेजारी बसवलं. दोघांचा अकरा वर्षांचा अबोला! भाजलेलं बदक आलं, वाफवलेला मासा आला, तरी दोघं एकमेकांकडे पाठ करूनच जेवत होते. चहाचे पेले केव्हाच रिकामे झाले, पण आमची वेट्रेस आपली भिंतीपाशी हात बांधून उभी.

“एवढं महागडं हॉटेल आणि चहा ओतायला कुणी नाही!” असं करवादत काम-शिंगदादानं स्वतःच किटली उचलली. आता किटली उचलली की आधी शेजाऱ्याचा पेला भरायचा, मग आपला. त्यातून आमच्याकडे कुणाचीच सुटका नाही. दादा जरासा घुटमळला आणि तोंड फिरवून त्यानं शेजारच्या धाकट्या पाक-होचा पेला भरला. लगेच पाक-होची दोन बोटं टेबलावर टकटक वाजली. चहा ओतणाऱ्याचे आभार आम्ही असेच मानतो.

सगळं टेबल त्या बोटांकडे बघायला लागलं.

“मी आभार मानलेले नाहीत,” पाक-हो म्हणाला. “बोटांना सवय आहे.”

“मग मी तरी कुठे तुला चहा दिलाय? किटली जड झाली होती.”

पाक-होनं पेला एका दमात संपवला आणि पुढे सरकवला. “अजून जड असेल तर ओत.”

निघताना आईनं वेट्रेसच्या हातात बक्षिशीचं लाल पाकीट कोंबलं.

“फोनवर सांगितलं होतं तस्सं केलंस पोरी. दोन तास किटलीला हात लावला नाहीस!”