कडेवरच्या खुणा

मास्तरांचा पहिला फटका धाकट्या मुलाच्या खांद्यावर बसला, दुसरा कानशिलावर. हातात कापड मोजायचा लोखंडी गज होता आणि डोक्यात राख. त्यांना आवरायची कुणाची छाती नव्हती.

कटिंगच्या टेबलावर नवरीचा झगा पडला होता. गिऱ्हाईक आत्ताच तो मास्तरांच्या तोंडावर फेकून गेलं होतं. उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं कापड आधी रात्रभर टांगायचं, लोंबायचं तेवढं लोंबू द्यायचं आणि मगच खालची कड कापायची, हे या दुकानाच्या भिंतींनाही पाठ होतं. कुणीतरी घाई केली होती. झगा एका बाजूला वीतभर खाली आला होता.

"मी नाही कापली कड," धाकटा म्हणाला. कानातून रक्त येत होतं. "आतून बघा ना, बाबा. एकदा उलटून तर बघा."

"वर तोंड करून बोलतोस? हे तुझंच काम, उंडग्या! थोरला असलं मेला तरी करायचा नाही."

थोरला गळ्यात टेप घालून मशीनपाशी उभा होता. त्याने मान वर केली नाही.

तिसरा फटका चुकवायला धाकट्याने उजवा हात आडवा धरला. काडकन आवाज झाला. तो मटकन खाली बसला. कात्री धरायचा हात तोच होता.

मास्तर धापा टाकत टेबलाशी आले. झगा दुरुस्त तर करायलाच हवा होता. त्यांनी तो उलटला. कडेलगत खडूच्या खुणा होत्या, सगळ्या डावीकडे कललेल्या. घरात डावखुरा एकच होता. त्याच्या हातात पहिला खडू मास्तरांनीच दिला होता, मोठ्या कौतुकाने.

त्यांनी थोरल्याकडे पाहिलं. मग अंगठ्याने एकेक खूण पुसायला लागले.

"झालं पुसून?" जमिनीवरून धाकट्याने विचारलं. "मग आता हाताला बांधायला पट्टी द्या."

मास्तरांनी चिंध्यांमधून एक तुकडा ओढला आणि फाडायला लागले. कापड नुसतं ताणलं जात होतं, फाटत नव्हतं.

"तिरकं धरलंय तुम्ही, बाबा. ते फाटत नसतं. कापावं लागतं."

धाकट्याने खाली पडलेली कात्री डाव्या हाताने उचलून पुढे केली. टोक बापाकडे होतं.