घरची चीज

“आमच्या धाकट्या जयवंताला लागली तर असावी म्हणून ठेवलेली चीज. ती अशी मागून घ्यायची असते होय?” कुमुदिनीबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या.

गोठवलेले अवयव पन्नास वर्षं टिकू लागले, तशी लग्नात नवरीची एक किडनी घेण्याची रीतच पडली. सुलक्षणाची तर हळद उतरायच्या आत शीतपेढीत गेली. एकोणीस वर्षांत सासरच्या एकाही पुरुषाला ती लागली नव्हती. आता सुलक्षणाची उरलेली किडनी बंद पडली होती.

“आई, जयवंत ठणठणीत आहे,” नवरा फरशीकडे बघत म्हणाला.

“मग काय, मोडायची? हिच्या माहेरच्यांना सांग की द्यायला!”

शीतपेढीच्या खिडकीत काचेपलीकडच्या बाईंनी अर्ज सरकवला. “घरातल्या मोठ्यांची सही इथे. आणि पेशंटचं दात्याशी नातं काय, ते लिहा.”

नवऱ्याने चष्मा पुसायला घेतला. कुमुदिनीबाईंनी पदर सारखा केला. पेन तसंच पडून राहिलं.

“नातं कसलं लिहिता?” डायलिसिसच्या सुयांनी काळानिळा झालेला हात सुलक्षणाने काचेवर ठेवला. “किडनी माझी आहे. माझी मला परत द्या.”