विरजणाची वाटी

कढी करून झाली, पातेलंही घासून झालं, आणि मग कुमुदच्या लक्षात आलं, विरजणाला दही ठेवलंच नाही.

मंगळावरच्या घुमटांत हवा इतकी गाळलेली असे, की दूध दहा दिवस ठेवलं तरी आंबत नसे. वसाहतीत विरजण उरलं होतं ते आपल्याच घरी, असं ती धरून चालली होती. पृथ्वीवरून पुढचं यान दोन वर्षांनी येणार होतं. दारात शेळी दूध देत होती, पण तोवर ना ताक, ना लोणी, ना तूप.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या घुमटातली हमीदा आली. तिच्या हातात कुमुदचं नाव कोरलेली वाटी होती. ती तिनं तीन वर्षांपूर्वी विरजण न्यायला घेतली होती. परत दिली नाही म्हणून कुमुदनं कितीदा बोटं मोडली होती!

"रागावू नका ताई. रोज हिच्यातच विरजण काढून ठेवायचे. आता नवी वाटी मिळाली," हमीदा म्हणाली. "रिकामी कशी परत करू? दही घातलंय. तुमच्याच विरजणाचं आहे."

कुमुदनं आधी कोमट दुधात चमचाभर दही कालवलं. मग वाटी धुतली, तिच्यात मूठभर शेंगदाणे घातले आणि हमीदाच्या हातात ठेवली.

"दोन्ही वाट्यांत विरजण ठेवत जा. आणि ही परत आणलीस तर बघ!"