गेटसमोर गेलेला गुडघा

"तुम्हाला प्रशिक्षक नेमायच्या अर्जासोबत पुरावा हवा," हरिश्चंद्र गुरुजी म्हणाले. "कंपनीचं ते पत्र द्या, महिपतराव. उद्या सकाळच्या एसटीने रत्नागिरीला पाठवायचंय. पत्र नाही तर प्रशिक्षक नाही, आणि प्रशिक्षक नाही तर आपली पोरं जिल्ह्याच्या फुटबॉल स्पर्धेत नाहीत."

महिपत पडवीच्या खांबाला टेकून बसला होता. त्याची बायको हौसा म्हणाली, "ट्रंकेच्या तळाशी असेल. बघते," आणि आत गेली.

गुरुजींनी ते पत्र कधी पाहिलं नव्हतं. त्र्याऐंशी साली महिपत मुंबईच्या गिरणीतून घरी परतला, त्याच्या मागोमाग ते आलं. पोस्टमन बाबूने त्यातला एकच शब्द वाचला आणि गावभर केला: स्ट्रायकर. अर्थ गुरुजींनी सांगितला. फुटबॉलमध्ये सर्वांत पुढे राहून गोल मारतो तो. मुंबईत कंपन्या खेळाडूंना पगारावर ठेवतात, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं.

तेव्हापासून राजापूरचा हॉटेलवाला महिपतच्या चहासोबत न मागता भजी ठेवी. एसटीचा कंडक्टर पुढची जागा राखी, कारण स्ट्रायकर पुढेच असतो!

गुरुजींनी महिपतलाही विचारून खात्री केली होती.

"तुम्ही स्ट्रायकर होता ना?"

"होतो. त्यात लाजायचं काय?"

"समोर कोण होतं?"

"मालक."

मालकांचा संघ, असं म्हणायचं असावं. मुलांची अर्धी वाक्यं पुरी करून घ्यायची गुरुजींना सवयच होती.

"जिंकलात?"

"निकाल कुठं लागलाय अजून!"

चेंडूला मात्र महिपत पाय लावत नसे. "गुडघा गेटसमोर गेला," तो म्हणे. गोलसमोर, गुरुजी मनातल्या मनात दुरुस्त करत. "मला खेळातलं काय कळत नाय, गुरुजी," असंही तो म्हणे. केवढा हा विनय! मुलांना तो एकच गोष्ट सांगे, "एकट्याने पुढे पळायचं नाय. एकाला अडवलं तर सगळ्यांनी उभं राहायचं." तेवढ्यावर मुलांनी पोफळीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीचा तगडा संघ दोन गोलांनी हरवला होता.

हौसाने घडी घातलेला कागद आणून दिला.

"मोठ्यांदा वाचा हां, गुरुजी. आणि मराठीत करून सांगा. त्या बाबूला एक शब्द सोडून काय वाचता आलं नाय."

गुरुजींनी चष्मा पुसला. इंग्रजी अक्षरं फिकी पडली होती, पण वाचता येत होती.

"'विणकाम खात्यातून आपलं नाव कमी करण्यात येत आहे,'" ते सावकाश म्हणाले. "'कारण...'"

पुढे बाबूचा तो शब्द होता. गुरुजींनी तो दोनदा पाहिला, आणि मग मराठीत वाचला.

"'संपकरी.'"