चिनी पत्तीची बासी

सायकलवरून रेशीम विकणाऱ्या चिनी फेरीवाल्याने कामठ्यात आमच्या ओसरीवर दुपारचं ऊन टाळलं आणि जाताना सासूबाईंना हिरव्या चहाची पुडी दिली. त्यांनी निम्मी पत्ती दूध-गूळ घालून खळखळ उकळली. पहिल्याच घोटाला त्या थुंकल्या. “कडू जहर! फेक, राजनांदगाववाली!” मी फेकली नाही. छत्तीसगडातल्या माझ्या माहेरी रात्री भातात पाणी घालतात, सकाळी ती बासी खातात. त्यावरून सासूबाईंचे टोमणे रोजचे: “आमच्याकडे बासी ढोरायले देतेत.” उरलेली पत्ती मी भातासारखीच मडक्यातल्या गार पाण्यात रात्रभर भिजवली. सकाळी कोवळ्या धानाच्या रंगाचं पाणी पेल्यातून त्यांच्यापुढे बेधडक धरलं. त्यांनी हुंगलं, घोट जिभेवर घोळवला, गिळला आणि दुसरा घेतला. “कडू काऊन नाही लागून राहिलं?” “उकळलं नाही, बासी केलं.” पेला रिकामा झाला. “आज रात्री माह्याही भातात पाणी घालजो.”