बाबांचा फवारा

चाळीस वर्षं लोकांचे नळ बसवणाऱ्या बाबांचं एक अंग लुळं पडलं, तेव्हापासून मुलगाच त्यांना अंघोळ घालायचा. तरी चालत्या हाताने त्यांनी बाथरूममध्ये खटपट मांडली. पायाने दाबायचा नळ, स्टुलावर बसल्या बसल्या पाठ धुणारा फवारा, साबणाच्या पाण्याची वेगळी नळी.

"मी आहे ना, बाबा? मग कशाला हा उपद्व्याप?" मुलगा रोज कुरकुरायचा. बाबा पुढची नळी जोडायला घ्यायचे.

महिन्याभराने त्यांनी हाक मारली. "सगळं जोडून झालं. एकच वस्तू राहिलीय, तेवढी बसवून दे."

मुलगा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. "कुठली?"



"मी इथे पडलो तेव्हा या दाराची आतली कडी काढून ठेवलीस ना, ती."