जतन केलेले ठोके

संगणकावर संग्रह पुन्हा तसाच उघडला. आजारी मुलांची नावं, वयं, तारखा, सगळं जागच्या जागी. आत हृदयाच्या ठोक्यांची एकही नोंद नाही. संशोधिका शेजारच्या सहकाऱ्याकडे वळली.

"असं कसं? जतन केल्यावर मी लगेच उघडून बघितलं होतं."

"तेव्हा मूळ नोंदी डिस्कवर होत्या ना," सहकारी म्हणाला. "या फाइलमध्ये ठोके नाहीतच. ते कुठे ठेवलेत, तेवढे पत्ते आहेत. डिस्क कुठंय?"

"पुसली. जागा हवी होती."

त्यानं डोक्याला हात लावला. घर पाडायचं आणि पत्ता जपून ठेवायचा, हा उद्योग शिकलेल्या माणसांनाच जमतो.

बाहेर बाकावर एका मुलीचे वडील बसले होते. मुलगी या संग्रहातलीच. ती गेली तेव्हा संशोधिकेनंच त्यांना शब्द दिला होता, केव्हाही या, तिचे ठोके ऐकवीन. आज ते आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

"खरं सांगून टाकते."

"काय सांगणार? पुसून टाकली म्हणून?" सहकाऱ्यानं सॉफ्टवेअरबरोबर आलेली नमुन्याची नोंद उघडली. कुणा निरोगी मुलाची होती. "ही लाव. त्यांना काय कळणार आहे?"

तिला स्वतःची लाज वाटली. तरी तिनं दार उघडून त्यांना आत बोलावलं.

ते खुर्चीच्या कडेवर टेकले. हेडफोन त्यांना लावता येईना, तिनंच लावून दिला. डोळे मिटून ते ऐकू लागले. बोट मांडीवर ठोक्याला ठोका देत राहिलं. चेहरा इतका निवला की सहकारीही खिडकीकडे वळला.

मग बोट थांबलं.

"ताई, हे तर किती नीट चाललंय."

"हो, काका."

"एकदाही अडखळत नाही." त्यांनी डोळे उघडले. "डॉक्टर म्हणाले होते, तिच्या हृदयात आता काही राहिलं नाही, मशीन काढू या. बायको नको नको म्हणत होती. मी हो म्हटलं."

हेडफोनमधून ठोक्यांचा बारीक आवाज येतच होता.

"मग मी हो का म्हटलं, ताई?"